गारगोटीची परवल

दख्खनच्या काळ्या खडकावर वाढलेल्या माणसाला गारगोटी ओळखायला शिकवावी लागत नाही. नांगराच्या फाळाला लागून ती वर येते, पावसानं धुऊन निघाली की पायवाटेवर चमकते आणि पोरांच्या खिशात तर तिचं कायमचं बिऱ्हाड असतं. अंधाऱ्या खोलीत दोन गारगोट्या एकमेकींवर जोरात घासल्या की क्षणभर पिवळट उजेड फुटतो आणि काहीतरी जळल्यासारखा वास येतो. हा प्रयोग ज्यानं लहानपणी केला नाही, तो बहुधा फरशीवरच वाढलेला असणार.

बुलढाणा जिल्ह्यात, मोताळा तालुक्यात, घाटाच्या पायथ्याला रोहिणखेड आहे. समजा, मे महिन्यातल्या एका दुपारी तुम्ही तिथली १५८२ सालची मशीद पाहायला आलात. गाडी लिंबाखाली लावली, जुन्या दगडांवर हात फिरवून आलात आणि परत येऊन रिमोटचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. गाडी ढिम्म. तिसऱ्यांदा हात लांब करून, तिला खडसावल्यासारखं दाबलं. समोर काच, काचेआड पाण्याची बाटली आणि हातात एकाएकी मुका झालेला प्लास्टिकचा तुकडा.

त्या तुकड्यात एक गारगोटी आहे. खरीखुरी. तिथपर्यंत पोचायचं आहे, पण आधी तहान भागवू.

बटणाच्या रिमोटच्या पोटात बहुधा एक लोखंडी पातं दडवलेलं असतं. कडेला एक बारीक खटका असतो. तो सरकवला की पातं बाहेर येतं. दाराच्या मुठीजवळ किल्लीचं भोक दिसत नसेल तर ते एखाद्या टोपणाखाली झाकलेलं असतं. दार उघडतं, पाणी मिळतं. रिमोट मेला तरी गाडी चालूही होऊ शकते. ती कशी, ते पुढे येईलच. आता सावलीत बसा, रिमोटच्या फटीत नखानं किंवा नाण्यानं हलकेच जोर द्या आणि त्याचे दोन भाग वेगळे करा.

पहिला दिसतो तो सेल. चपटा, गोल, रुपयाच्या नाण्याशी नातं सांगणारा. त्याच्यावर बहुतेक वेळा सीआर २०३२ असं कोरलेलं असतं. हे नाव म्हणजेच त्याचं माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. सीआर २०२५ असेल तर जाडी २.५. दोघांचेही व्होल्ट तीनच, म्हणून दुकानात कधीकधी एकाच्या जागी दुसरा हातावर ठेवला जातो. पातळ सेल जाड्याच्या घरात बसवला की पितळी पत्रे त्याला नीट टेकत नाहीत आणि रिमोट लहरी होतो. सकाळी चालतो, दुपारी रुसतो. अर्धी दुरुस्ती हा आकडा नीट वाचण्यातच असते.

या सेलात किती ऊर्जा मावते? साधारण २२० मिलिअँपिअर-तास, तीन व्होल्टला. हिशेब केला तर सुमारे २,४०० ज्यूल. तेवढ्यावर एक कप चहासुद्धा होत नाही. शंभर मिलिलिटर पाणी उकळायला आणायचं तर असे तेराएक सेल लागतील. आणि हाच एकटा सेल दोन-तीन वर्षं, रोज दहा-वीस वेळा, पार्किंगच्या पलीकडच्या टोकावरून तुमची गाडी उघडतो. याचं गुपित झोपेत आहे. रिमोटची चिप जवळजवळ सगळं आयुष्य झोपून काढते. त्या झोपेत ती इतका कमी प्रवाह घेते की सेलाला ती जाणवतही नाही. बटण दाबलं की जागी होते, अर्ध्या सेकंदाच्या आत आपलं म्हणणं सांगते आणि पुन्हा डोळे मिटते.

सेल संपत आल्याची पहिली खूण म्हणजे अंतर. जी गाडी रस्त्याच्या पलीकडून उघडायची तिला पाच पावलांवर यावं लागतं, मग दाराशी, आणि एके दिवशी काचेला रिमोट टेकवूनही काही होत नाही. पण इथे एक चकवा आहे. लिथियमचा सेल आयुष्यभर आपले व्होल्ट जवळपास टिकवून धरतो आणि शेवटी एकदम ढासळतो. मल्टीमीटर लावला तर म्हातारा सेलही पावणेतीनच्या वर आकडा दाखवतो, आणि माणूस म्हणतो, सेल तर चांगला आहे! मोकळ्या सेलाचे व्होल्ट मोजणं म्हणजे रवंथ करत बसलेल्या बैलाची ताकद मोजणं. मानेवर जू ठेवल्यावर तो उठतो की नाही ते पाहावं लागतं. चिप लहरी सोडायला निघाली की थकल्या सेलाचे व्होल्ट खाली बसतात. रिमोटवरचा बारका लाल दिवा मात्र लागतो, कारण त्याची भूक छोटी. दिवा लागतो पण दार उघडत नाही, या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा नव्या सेलातच असतं. जुना सेल काढला की मात्र लहान मुलाच्या हाती लागू देऊ नका. गिळला गेला तर तो अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर जखम करू शकतो.

आणि नवा सेल हाताशी नसेल तर? रिमोट हनुवटीखाली टेकवा आणि बटण दाबा. रस्त्यावरच्या लोकांना तुम्ही वेडे वाटाल, पण थोडं जास्त अंतर गाठलं जातं. कारण असं: रिमोटच्या लहरीची लांबी सुमारे ६९ सेंटिमीटर असते. अशी लहर नीट फेकायला तिच्या पाव भागाएवढी, म्हणजे सतराएक सेंटिमीटरची तार हवी. अंगठ्याएवढ्या रिमोटात ती मावणार कुठे? त्यात असतो तो तांब्याचा एक छोटासा वळसा, अंगानं कमी आणि आवाजानं त्याहून कमी. तुमचं डोकं खाऱ्या पाण्यानं भरलेलं भांडं आहे. रिमोट त्याला टेकला की डोकंच त्या तारेचा वाढीव भाग होऊन जातं.

सेल बाजूला ठेवा. आता हिरव्या पट्टीवर एक चकचकीत डबी शोधा, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. काही रिमोटांत तिच्यावर १३.५६० असा आकडा असतो. हीच आपली गारगोटी.

१८८० मध्ये पॅरिसमध्ये झाक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवलं की गारगोटीच्या स्फटिकावर दाब दिला की त्याच्या दोन बाजूंवर वीज जमा होते. याचं उलटही खरं ठरलं: स्फटिकाला वीज दिली की तो किंचित आकसतो किंवा फुगतो. अंधाऱ्या खोलीतला तो पिवळट उजेड वेगळ्या, जास्त गुंतागुंतीच्या वाटेनं येतो. पण दगडावर जोर केला की दगडात वीज हलते, ही गोष्ट त्या खेळाच्याही पायाशी आहे.

आता गारगोटीचा एक काप घ्या आणि तो इतका घासा की जाडी मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी उरेल. त्याला वीज दिली की तो थरथरू लागतो. केवढ्या वेगानं, ते मुख्यतः जाडी ठरवते, जशी सतारीच्या तारेची लांबी स्वर ठरवते. एवढ्या जाडीच्या कापाचा स्वर येतो सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार थरथरींचा. बटणावर तुमचा अंगठा अर्धा सेकंद टेकतो, तेवढ्यात हा दगड ६७ लाखांहून जास्त वेळा थरथरून घेतो. आणि दर वेळी तितक्याच वेळात. घड्याळातही हाच दगड असतो, तो याच प्रामाणिकपणासाठी.

या आकड्याला ३२ नं गुणा. ४३ कोटी ३९ लाख २० हजार येतात, म्हणजेच ४३३.९२ मेगाहर्ट्झ. आपल्याकडच्या असंख्य गाड्यांचे रिमोट नेमके याच सुरात बोलतात. ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात अगदी कमी ताकदीची उपकरणं वापरायला आपल्याकडे वेगळा परवाना लागत नाही, म्हणून तर तुमच्या खिशातला रिमोट हे एक बिनपरवान्याचं छोटं रेडिओ केंद्र आहे.

गुणाकार कसा होतो, ते दिंडीत चालणाऱ्याला लगेच समजेल. शेगावच्या पालखीबरोबर चाललेला टाळकरी एक ठोका देतो आणि तेवढ्यात मृदंगवाला बत्तीस बोल वाजवतो. मृदंगवाल्याचा हात मुळात चंचल, कधी पुढे पळतो तर कधी मागे राहतो. पण दर बत्तिसाव्या बोलाला त्यानं टाळाशी जुळायचं असतं. जरा चुकला की टाळ ऐकून तो स्वतःला सावरतो. चिपमध्ये असाच एक भरधाव पण अस्थिर मृदंगवाला बसवलेला असतो आणि गारगोटी त्याला टाळ देत राहते.

रिमोटमधली ही गारगोटी शेतातून वेचलेली नसते. पोलादाच्या उभ्या, जाड भांड्यात, अल्कधर्मी पाण्यात, साडेतीनशे अंशांच्या आसपासच्या तापमानाला आणि प्रचंड दाबाखाली ती आठवडेच्या आठवडे वाढवतात. एखादा राक्षसी कुकर समजा, ज्याला शिट्टीच नाही. पण निसर्गानंही आपल्या पायाखाली असंच काहीसं केलेलं आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले, त्यांत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत खनिजं विरघळलेलं पाणी झिरपलं, आणि त्यातून गारगोटी आणि तिच्या बहिणी आकाराला आल्या. त्यातली देखणी रूपं पाहायची असतील तर सिन्नरला गारगोटीचं खास संग्रहालयच आहे. भांडं वेगळं आणि मुरायला लागलेला वेळ वेगळा, पण पदार्थ एकच: सिलिकॉनचा एक अणू, ऑक्सिजनचे दोन.

इतका पातळ दगड फरशीवर आपटला तर काय होईल? फुटेल. रिमोट पडला आणि त्या क्षणापासून मुका झाला, नवा सेल घालूनही दिवा लागतो पण गाडी ऐकत नाही, असं असेल तर या डबीवर संशय घ्यावा. चिप शाबूत असते, मृदंगही असतो, फक्त टाळ गेलेला असतो. मोबाइल दुरुस्त करणारा कसबी माणूस डबीवरचा आकडा वाचून तेवढ्याच आकड्याची दुसरी बसवतो. आकड्यात तडजोड चालत नाही. १३.५६ च्या जागी दुसराच आकडा बसवला तर रिमोट जीव तोडून बोलेल, पण गाडी त्या सुरावर कान लावून बसलेलीच नसेल.

आता बटण दाबल्यावर हा रिमोट बोलतो काय?

पहिल्यांदा तो उजेडानं बोलत असे. १९८२ मध्ये फ्रान्सच्या रेनॉ कंपनीनं फुएगो या गाडीला दुरून उघडणारं कुलूप दिलं, ते अवरक्त किरणांवर चालायचं, आपल्या टीव्हीच्या रिमोटसारखं. पॉल लिपशुट्झ यांच्या नावावरून फ्रेंच लोक त्याला ‘प्लिप’ म्हणू लागले. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून दाबला की जांभळट ठिपका दिसतो, म्हणून काही जण गाडीच्या रिमोटचीही तशी परीक्षा घेतात आणि काही दिसलं नाही की तो मेला असं ठरवतात. पण तो आता रेडिओ लहरींनी बोलतो, आणि त्या कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाहीत. भिंतीआडून काम करणाऱ्या या अदृश्य लहरींचा चमत्कार आपल्या देशानं फार आधी पाहिला होता. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात अशाच लहरींनी दूरवरची घंटा वाजवून दाखवली होती.

रेडिओची अडचण अशी की तो सगळ्यांनाच ऐकू येतो. तिळा तिळा दार उघड, ही गोष्ट आठवा. अलीबाबानं गुहेचं कुलूप फोडलं नाही, चोरांच्या मागे कट करून शब्द मिळवला नाही. तो झाडावर लपून बसला, त्यानं शब्द ऐकला आणि चोर गेल्यावर तोच शब्द म्हटला. सुरुवातीच्या रिमोटांची हीच गत होती. प्रत्येक दाबाला तोच संदेश. कुणी तो टिपून ठेवला आणि रात्री परत वाजवला की गाडी उघडी.

यावरचा तोडगा आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. रोहिणखेड ज्या घाटाच्या तोंडाशी आहे तिथून दख्खन आणि खानदेश यांच्या फौजा ये-जा करत. १४३७ मध्ये बहमनी सेनापती खलफ हसन बसरी यानं खानदेशच्या नासीर खानाला याच गावाजवळ हरवलं, आणि सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकाच्या उंबरठ्यावर बुऱ्हाण निजामशाहानं जमाल खानाशी इथेच निर्णायक लढाई केली. अशा काळात कुठल्याही छावणीत रात्री पहारेकऱ्यासमोर कुणी आलं की एकच प्रश्न असे: परवल काय? परवलीचा शब्द बरोबर आला तर वाट मोकळी, नाहीतर भाला. आणि शहाणा सरदार परवल रोज बदलत असे, कारण काल रात्रीचा शब्द झुडपाआड कुणी ऐकला असेल तर आज तो कुचकामी ठरावा.

तुमच्या खिशातला रिमोट परवल रोज बदलत नाही. तो ती प्रत्येक दाबाला बदलतो.

अशा बदलत्या परवलीची एक प्रसिद्ध पद्धत म्हणजे कीलॉक. १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत गिडिऑन कून यांनी तिचं गणित रचलं, नॅनोटेक कंपनीत फ्रेडरिक ब्रुवर आणि सहकाऱ्यांनी ते चिपमध्ये उतरवलं, आणि १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मायक्रोचिप कंपनीनं ते विकत घेतलं. पुष्कळ गाड्या आणि फाटकं यांत ते बसलं. आज वेगवेगळ्या कंपन्यांची गणितं वेगळी आहेत, पण कल्पना हीच.

रिमोट आणि गाडी, दोघांकडे एकेक वही आहे असं समजा. दोन्ही वह्यांत एक गुप्त आकडा सारखाच लिहिलेला आहे, कारखान्यातून येतानाच. शिवाय एक मोजणी आहे. बटण दाबलं की रिमोट मोजणी एकानं पुढे नेतो, तिला गुप्त आकड्याच्या घाण्यातून पिळून काढतो आणि जे बाहेर पडतं तेच पाठवतो. कीलॉकच्या घाण्याला ५२८ फेरे असतात. मोजणी ४१७ ची ४१८ झाली, तरी बाहेर पडणाऱ्या दोन परवलींत कानामात्रेचंही साम्य राहत नाही. गाडी तोच घाणा उलटा फिरवते, मोजणी बाहेर काढते आणि पाहते: हा आकडा मी शेवटच्या ऐकलेल्या आकड्याच्या पुढचा आहे ना? पुढचा असेल तर खट. जुना असेल तर, म्हणजे कुणी टिपून वाजवला असेल तर, गाडी गप्प राहते.

तो गुप्त आकडा ओळखता येईल का? कीलॉकमध्ये तो ६४ बिटांचा आहे. बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे: पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, आणि चौसष्टाव्या घरापर्यंत राजाचं कोठार रिकामं. त्या सगळ्या दाण्यांची बेरीज आणि या आकड्याच्या शक्यता यांत फरक फक्त एकाचा आहे. १८ वर अठरा शून्यं, आणि वर आणखी. तरी २००७-०८ च्या सुमारास युरोपातल्या संशोधकांनी हे कुलूप खोललं. दाणे एकेक मोजून नव्हे. चिप काम करताना किती वीज पिते त्याच्या चढउतारावरून त्यांनी आतला आकडा ताडला. पोटात दुखतंय हे चेहऱ्यावरून ओळखावं तसं. म्हणूनच नव्या गाड्या आणखी दणकट गणितं वापरतात.

या वहीच्या हिशेबातूनच एक गमतीचा बिघाड निघतो. आजीच्या मांडीवर बसलेल्या नातवाला रिमोट खेळायला दिला. गाडी दूर बसस्टँडवर, आणि नातू घरात बटण दाबतोय. रिमोटची वही पुढे पळतेय, गाडीची तिथेच. कीलॉकमध्ये गाडी सोळा पावलांपर्यंतचा फरक मुकाट्यानं मान्य करते. त्याहून जास्त असेल तर ती पहिल्या दाबाला दार उघडत नाही, पण लगोलग दुसऱ्यांदा दाबलं आणि दोन्ही परवली एकामागोमाग एक जुळल्या की वही पुढे सरकवून घेते. दोनदा दाबल्यावर उघडते, ही पुष्कळांची तक्रार खरं तर गाडीचा शहाणपणा असतो. वह्या फारच दुरावल्या तर मात्र रिमोटची गाडीशी पुन्हा ओळख करून द्यावी लागते. काही गाड्यांत तो विधी पुस्तिकेत दिलेला असतो, काहींत किल्लीवाल्याकडचं कोडिंगचं यंत्र लागतं.

आता मघाचं कोडं. रिमोट पूर्ण मेला तरी गाडी चालू कशी होते?

कारण त्या प्लास्टिकात दुसरी एक चिप आहे, जिला सेल लागतच नाही. कधी ती काचेच्या बारक्या नळीत असते, कधी काळ्या खडूच्या तुकड्यासारखी दिसते, कधी पट्टीवरच बसवलेली. किल्ली जिथे फिरवायची त्या भोकाभोवती गाडीनं तारेचं एक वेटोळं दडवलेलं असतं. त्यातून सेकंदाला सव्वा लाखाच्या आसपास हेलकावे खाणारा प्रवाह वाहतो. फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवलं त्याप्रमाणे बदलत्या चुंबकत्वातून जवळच्या तारेत वीज उभी राहते, आणि या चिपला तेवढी वीज पुरते. विहिरीवर आलेल्याला आधी पाणी पाजावं आणि मग गाव विचारावं, तसं गाडी तिला आधी वीज पाजते, मग एक ताजा आकडा टाकून विचारते: याचं उत्तर काय? चिप आपल्या गुप्त आकड्यातून उत्तर काढते. जुळलं तर इंजिन सुरू. न जुळलं तर स्टार्टर फिरला तरी इंजिन पेटू दिलं जात नाही. बटणावर चालू होणाऱ्या गाडीत रिमोट थेट त्या बटणाला टेकवायचा, किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागी ठेवायचा, तो याच कारणानं.

आणि इथेच लोक हमखास फसतात. रिमोटचं कवच फुटलं म्हणून नवं मागवतात, आतली हिरवी पट्टी उचलून त्यात घालतात, दार छान उघडतं, आणि गाडी काही केल्या सुरू होत नाही. ती काळी खडूसारखी चिप जुन्या कवचात चिकटून राहिलेली असते, आणि जुनं कवच कचऱ्याच्या टोपलीत. कवच बदलताना आधी तिला शोधा, मग बाकी सगळं.

खिशातून न काढताच उघडणाऱ्या गाड्यांत गाडीच हलक्या आवाजात हाक मारते आणि खिशातला रिमोट ओ देतो. हाक एकदोन पावलांपुरतीच असते, म्हणून ओ मिळाली म्हणजे माणूस जवळ आहे असं गाडी समजते. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर दाखवलं की मध्ये दोन यंत्रं उभी करून ही हाक आणि ओ लांबवर पोचवता येते. परवल खरी, आणणारा चोर. उपाय आपल्या स्वयंपाकघरात आहे: घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. रात्री रिमोट त्यात ठेवला की हाक आत शिरत नाही. ठेवून एकदा गाडीजवळ जाऊन पाहा, दार उघडलं तर झाकण सैल आहे.

तर आता लिंबाच्या सावलीत, उघड्या रिमोटसमोर बसून दुरुस्ती कुठून सुरू करायची? घरी दुसरी किल्ली असेल तर आधी ती आणून पाहा. ती चालली तर दोष या रिमोटमध्ये, तीही मुकी असेल तर गाडीत. एवढ्या एका परीक्षेनं निम्मी उठाठेव वाचते. दुसऱ्या जागी गाडी नेऊनही पाहा. त्याच सुरावर दुसरं काही जवळच ओरडत असेल तर गाडीला तुमचा रिमोट ऐकू येत नाही. मग नवा सेल, आकडा वाचून, अधिक चिन्ह बरोबर बाजूला. बसवताना दोन्ही पृष्ठांवर बोटं फिरवू नका. तो टेकतो त्या पितळी पत्र्यांवर हिरवट थर असेल तर तो आपल्याच हाताच्या घामाचा. दात घासायचा जुना ब्रश आणि मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल, एवढ्यानं तो निघतो. पत्रे दबले असतील तर टाचणीनं किंचित वर उचला. रिमोट पाण्यात पडला असेल तर पहिलं काम सेल काढणं, कारण ओल एकटी फार बिघडवत नाही, ओल आणि वीज मिळून तांबं कुरतडतात. तांदळाच्या डब्यात पुरण्यापेक्षा उघडून, अल्कोहोलनं धुऊन वाळवणं खरं. आणि विदर्भाच्या उन्हात गाडीच्या काचेखाली रिमोट ठेवू नका. असे अनेक सेल ६० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी बनवलेले असतात, आणि बंद गाडीचा डॅशबोर्ड ती हद्द ओलांडतो.

यानंतर बटण. नेहमीचं बटण, गाडी उघडण्याचं, सगळ्यांत आधी दगा देतं, आणि डिकीचं वर्षानुवर्षं नवंकोरं राहतं. रबराच्या टोपीखाली तीन-चार मिलिमीटरचा एक स्विच असतो. मल्टीमीटर लावून दाबला की बीप यायला हवा. बीप नसेल तर स्विच झिजलाय. बीप कधी येतो कधी नाही, असं असेल तर स्विचच्या पायाखालचा सोल्डर तडकलाय. भिंगातून पाहिलं तर पायाभोवती केसाएवढी गोल भेग दिसते. त्यावर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक क्षणभर टेकवायचं, नवा सोल्डर थेंबभर, झालं.

या सगळ्या यादीत एक गोष्ट लक्षात येते. रिमोटच्या आत जे अचाट आहे ते सहसा बिघडत नाही. सेकंदाला कोटीभर वेळा थरथरणारा दगड आपटल्याशिवाय थकत नाही, पटावरच्या दाण्यांएवढा तो आकडा विसरला जात नाही, बिनसेलाची चिप तर गाडीपेक्षा जास्त जगते. बिघडतं ते जिथे हे सगळं आपल्याला भेटतं तिथे: घाम लागलेला पत्रा, हजारो वेळा दाबलेला स्विच, फरशीवर पडलेली डबी. म्हणून तर मोताळ्याच्या किंवा मलकापूरच्या एखाद्या छोट्या दुकानात, ज्याला कीलॉकचं नावही ठाऊक नाही असा माणूस, भिंग आणि सोल्डरिंग आयर्नच्या जोरावर हजारो रुपयांची नवी किल्ली वाचवू शकतो.

समजा, तुमच्या बाबतीत तो हिरवट थरच होता. रुमालानं घासलात, पत्रा उचललात, सेल बसवलात, कवच दाबून मिटवलंत. आता गाडीकडे वळून बटण दाबा. गारगोटी टाळ धरते, मृदंग बत्तिसाव्या बोलाला जुळतो, घाणा फिरतो, आणि कधीच न वापरलेला एक शब्द मशिदीच्या दगडांवरून, लिंबाच्या पानांतून, तुमच्या स्वतःच्या अंगातूनही पार निघून जातो. गाडी ऐकते. खट. आणि दोघांच्याही वहीत आकडा एकानं पुढे सरकतो.